दुसरी तपासणी

खडकीच्या कारखान्यात बद्रीनाथ तोफगोळे तपासायचे. एकदा पास झालेला गोळाही दुसऱ्या पद्धतीने पारखल्याशिवाय ते पुढे जाऊ द्यायचे नाहीत.

म्हणून त्यांच्याच यकृताच्या एमआरआयमध्ये एकच गाठ दिसली, शस्त्रक्रिया ठरली, कांताबाईंनी देवापुढे पेढेही ठेवले, तरी हे अडून बसले.

"हा साधा झाला. शिरेतून औषध देऊन करतात, तो जास्त बारीक दाखवतो. तोही करा."

"अहो, सुखासुखी चाललंय ते कशाला उकरता?"

"तुला तपासणीतलं काय कळतं?"

तोही झाला. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली. साध्यात एक गाठ. औषधवाल्यात यकृतभर काळे ठिपके, फोडणीतली मोहरी उडावी तसे.

"आता शस्त्रक्रियेला अर्थ नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळ्यांवर निघतील तेवढे दिवस काढायचे. पण आग्रह धरलात ते बरं झालं, नाहीतर उगाच पोट फाडलं असतं."

बद्रीनाथांची मान ताठ झाली. "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

लग्नापासून हेच ऐकत आलेल्या कांताबाईंनी त्यांची कॉलर हलकेच सरळ केली.

"अहो," त्या म्हणाल्या, "एकदा तरी चुकायचं होतं."