अर्ध्या सतरंजीची घडी

मी सतरंजी बोलतेय. खरं तर अर्धीच. बाकीची अर्धी कुठं गेली ते पुढं सांगते. सांगताना राग आवरला नाही तर समजून घ्या.

मी हातमागावरची, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची. पूर्णेच्या मालधक्क्यावरचे हमाल आणि ताडकळसच्या शेतमजूर बाया यांनी मिळून श्रमसमता पक्ष काढला, तेव्हा त्यांच्याकडं ना कचेरी होती ना खुर्ची. होते ती मी. पहिल्याच सभेत बायांमधून सुलाबाई उठून म्हणाल्या, "आमी बाप्यांच्या बरुबर रानात वाकायलोत, मंग आमची मजुरी कमी कामून?" हमालांचे पुढारी किशनराव म्हणाले, "वैनी, हाच आपला जाहीरनामा." पक्ष जन्मला तो असा.

समाजवाद मला कळला तो पक्षाच्या एका नियमातून. सभेचा जो अध्यक्ष, त्यानंच शेवटी मला झाडायचं आणि घडी घालायची. इतर पक्षांत सतरंज्या उचलता उचलता कार्यकर्त्यांची उमर जाते. इथं पुढारी उचलायचे. सुलाबाई अध्यक्ष असल्या की समोरचं टोक किशनराव धरायचे, ते असले की त्या. दोघं चालत जवळ यायचे, टोकाला टोक लावायचे. पुढं बायांनी ऐन सोयाबीनच्या काढणीत विळे खाली ठेवले आणि आसपासच्या गावांत सारखी मजुरी पदरात पाडून घेतली. त्या दिवशी माझ्यावर बसायला जागा उरली नव्हती. मी काय खूश होते म्हणून सांगू!

मग पक्षाचा एक माणूस झेडपीवर निवडून आला, आणि लगेच जमीनदारांच्या मोठ्या पक्षाचा सांगावा आला, आमच्यात या म्हणून.

"सत्तेत गेल्याबिगर आता पुढं सरकता येत न्हाई, वैनी," किशनराव म्हणाले.

"ज्यायच्या बांधावर भांडलो, त्यायच्याच मांडीला मांडी लावून बसायचं?"

हात वर झाले. दोन्हीकडं सारखेच. पक्ष फुटला. पण माणसं समाजवादी ना! फुटतानाही वाटणी समान हवी. बाजारातून शिंपी बोलावला. सवयीनं दोघांनी समोरासमोर माझी टोकं धरली, ताणली. सुलाबाई एवढंच म्हणाल्या, "नीट धरा, भाऊ." आणि मधून कात्री चालली.

तो दुसरा तुकडा मी एकदाच पाहिला, बाजाराच्या दिवशी, सुलाबाईंच्या काखेतून. मोठ्या पक्षाच्या स्टेजवर सोफ्याखाली पसरला होता, वर बुटांचा चिखल. किशनराव खाली गर्दीत उभे होते. त्यांना कुणी वर बोलावलं नाही. बायांची मजुरीही तोवर पुन्हा उतरली होती. दोन तुकड्यांना कोण भीतंय?

सुलाबाईंनी माझी कापलेली कड शिवली नाही. शेजारीण म्हणाली, "दोरे निघायलेत, टीप मारून घ्या की." तर म्हणाल्या, "शिवली तर परत जोडायची कुठून?" त्यामुळं दर सभेला मी थोडी उसवते, थोडी कमी होते.

परवाच्या सभेला त्या एकट्याच होत्या. मला अंथरून एका कडेला बसल्या, बाकीची जागा मोकळी ठेवून. दिवस कलला तशा उठल्या, मला झाडलं, आणि सवयीनं एक टोक पुढं करून थांबल्या. समोर कुणी नव्हतं. मग त्यांनी एकटीनंच घडी घातली.

पूर्ण होते तेव्हा घडीला दुसरं माणूस लागायचंच. आता एकटीला जमते, हेच मला सोसत नाही. मी पुरती उसवायच्या आत कुणीतरी या हो, समोरचं टोक धरा.