आठशे ठिपक्यांच्या चौकटीत

मित्रांनो, ग्रंथालयाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला जाडजूड डबा पाहिलात ना? तोच मी, एक जुना मॉनिटर. माझ्या काचेवर आडवे आठशे ठिपके आणि उभे सहाशे. कारखान्यातून एवढेच घेऊन निघालो. त्याबाहेर मला नखभरही सरकता येत नाही.

सुरुवातीला माझा थाट काय विचारता. ग्रंथपालबाई मला रोज मऊ फडक्याने पुसायच्या, वाचक रांग लावायचे. मग खिडकीशी संगणकांचे रुंद, सडपातळ पडदे आले आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. तरी मी कुरकुरलो नाही. पुस्तकांची यादी माझ्यात नीट मावायची.

यंदा ग्रंथालयाचं संकेतस्थळ नवं झालं आणि कागदी नोंदवही बंद पडली; पुस्तक राखायचं तर आता तिथूनच. नवी पानं बाईंच्या भाच्याने बनवली, स्वतःच्या ऐसपैस पडद्यावर. त्यावर दिसतील तेवढी रुंद. शिवाय पान डावी-उजवीकडे सरकवायची तळाची पट्टी गबाळी दिसते म्हणून काढूनच टाकली. झालं. प्रत्येक पानाचा उजवा तुकडा काचेपलीकडे अडकला आणि मी अलीकडे.

शिवणकाम करणाऱ्या एक काकू बाहेरून दहावीला बसणार होत्या. परीक्षा आठ दिवसांवर, आणि गणिताची एकच प्रत शिल्लक. खिडकीशी जागा नव्हती, म्हणून त्या माझ्यासमोर बसल्या. एका बोटाने नाव, पत्ता, सगळं भरलं.

"ताई, पुढचं बटण सापडेना."

बाईंनी भाच्याला फोन लावून काकूंच्या हाती दिला.

"काकू, समोरच आहे. उजवीकडे बघा."

"उजवीकडे भिंत आहे, बाळा."

"असं कसं? मला तर दिसतंय."

"तुला दिसून काय उपयोग? परीक्षा मला द्यायचीय."

बटण माझ्यापासून चार बोटांवर होतं, आणि मी तोंडात बोळा कोंबल्यासारखा गप्प. एवढ्यात खिडकीशी कोणीतरी ती प्रत आपल्या नावावर केली. काकूंनी आधी चष्मा पुसला, मग माझी काच. त्यांना वाटलं, दोष आपल्याच नजरेचा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी भाच्याला माझ्यासमोर बसवलं. "एक पुस्तक राखून दाखव आणि मग घरी जा."

त्याने माऊस आपटला, माझ्या डोक्यावर टपल्या मारल्या. दहा मिनिटांनी त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, हा पडदा बदल ना."

"आणि घरी असेच पडदे असलेले वाचक? तेही बदलू?"

मग त्याने पानं अशी केली, की जेवढी काच तेवढी ती घडी घालून बसतील. गणिताची प्रत परत आली तेव्हा परीक्षेला दोनच दिवस उरले होते. काकूंनी माझ्यावरूनच ती राखून ठेवली. दोन दिवसांत किती गणितं होतात, मला ठाऊक नाही. पण ते सहा दिवस त्यांना कोणी परत दिले नाहीत.

मित्रांनो, उद्या तुम्हीही पानं बनवाल. आपल्या पडद्याला जग समजू नका. रंग ठरवण्याआधी एकदा माझ्यासारख्याच्या समोर येऊन बसा. मला इथून उठून तुमच्याकडे येता येत नाही.