विरी गेलेलं पीठ

मी एक जुनी काठवट आहे. मित्रांनो, तुमच्या घरी भाकरीचं पीठ स्टीलच्या परातीत मळत असतील, म्हणून सांगते: मी बाभळीच्या लाकडाची, खोलगट आणि चांगली जड. येडशीच्या बसप्पा सुतारानं मला एकाच ओंडक्यातून कोरलं आणि नागम्माच्या हाती देताना तो म्हणाला, "वैनी, ही तुमच्या नातसुनेला बी पुरंल." पुढं काय वाढून ठेवलंय, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

नागम्माच्या भाकरीचं गावात नाव होतं. तिची भाकरी कधी चिरायची नाही, तव्यावर टम्म फुगायची. शेजारणी कौतुक करायच्या आणि मीही उगाच फुगायची. लेक राजेश्वरी लग्न होऊन परंड्याला निघाली, तेव्हा तिनं सगळ्या भांड्यांतून मलाच मागून घेतलं. नागम्मा परातीवर आली.

चार वर्षांनी राजेश्वरीचं पोट बिघडलं. खाल्लेलं अंगी लागेना, रक्त कमी झालं. धाराशिवच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, गव्हाचं वावडं आहे. गव्हाचा कणसुद्धा आतड्यांना सोलून काढील. आता जन्मभर पथ्य. ज्वारी मात्र चालेल. माझ्यात गहू कधी पडलाच नव्हता, त्यामुळं मला घरात फारच मान आला.

माहेरी जाणं मात्र अवघड झालं. पहिल्या खेपेला ती स्वतःचा डबा घेऊन गेली आणि आईच्या पोळीला तिनं हात लावला नाही. नागम्माला ते जिव्हारी लागलं. "माज्या हातचं इख हाय का गं?" ती म्हणाली. राजेश्वरी दुसऱ्या दिवशी परतली आणि वर्षभर तिकडं फिरकली नाही.

मग येळवस आली. या अमावस्येला आमच्याकडं सारं गाव शेतात जेवतं: भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. राजेश्वरीनं फोन केला, "आई, माजी काठवट, माजं पीठ घिऊन येते. भाकरी मातर तूच थापायची." दोघींचा तसा करारच झाला.

निघायच्या आठवड्यात घरची चक्की बंद पडली. गावच्या गिरणीत गहू दळतात, तिथलं पीठ तिला चालत नाही. तिनं दिवाळीत दळलेलं पीठ डब्यात भरलं, मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, "ताई, लेकरू झोपलंय व्हय? अर्धं तिकीट फाडू का?" राजेश्वरी खळखळून हसली. तिचं तसं हसणं मी त्यानंतर ऐकलं नाही.

येळवशीच्या सकाळी नागम्मा किती वर्षांनी माझ्यासमोर बसली! पण दोन महिन्यांच्या पिठाची विरी गेली होती. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. तो गेला की भाकरी हातातच तुटते. नागम्मानं कढत पाणी घातलं, पुन्हा पुन्हा मळलं. पहिली मोडली. दुसरी मोडली. तिसरी तव्यावर टाकताना दोन तुकडे झाले. बाहेर राजेश्वरी भावजयीला सांगत होती, "वैष्णवी, आज लई दिसांनी आईच्या हातची भाकरी!"

ते नागम्मानं ऐकलं. वर्षानं जेवायला बसणाऱ्या लेकीला काय तुकडे वाढायचे? तिनं दाराकडं पाहिलं. मग कणकेच्या डब्यात हात घातला. "एवढ्याशानं काय हुतंय," असं पुटपुटत तिनं मूठभर गव्हाचं पीठ माझ्यात टाकलं. मित्रांनो, मी लाकूड. मला ओरडता आलं नाही. भाकऱ्या सुरेख झाल्या.

शेतात राजेश्वरीनं दोन खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. नागम्मा तिच्या तोंडाकडं बघतच राहिली, स्वतः जेवायची विसरली. दुसऱ्या दिवशी निघताना लेक म्हणाली, "आई, काठवट हितंच ऱ्हाऊ दे. पुढल्या वेळी नुसतं पीठ आणीन."

दोन दिवसांनी जावयाचा, उत्तरेश्वरचा फोन आला. वाटेतच पोटात कळा सुरू झाल्या होत्या, आता सलाईन लावलं होतं. "मामी, काय खाल्लं तिनं?"

"ज्वारीचंच," नागम्मा म्हणाली.

तीन आठवड्यांनी राजेश्वरी स्वतः बोलली. आवाज खोल गेला होता. "आई, म्या तवा टाकला, पिठाचा डबा टाकला. काय चुकलं तेच कळंना. घासाची भीती वाटतीय." तेव्हा मात्र नागम्माच्यानं राहवलं नाही. तिनं सगळं सांगितलं.  पलीकडून एवढंच आलं, "मोडकी दिली असतीस तरी खाल्ली असती गं, आई."

उन्हाळ्यात ती अर्ध्या दिवसासाठी येऊन गेली. ओसरीवर बसून तिनं आपला डबा उघडला.  नागम्मानं पाण्याचा तांब्या पुढं केला. राजेश्वरीनं मान खाली घातली आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढली.

तेव्हापासून नागम्मा मला रोज राखेनं घासते आणि उन्हात ठेवते. उन्हानं मला भेगा पडल्या आहेत. पण लाकडाच्या रंध्रांत अजून ते पीठ आहे. ते निघणार नाही, हे मला कळतं. बहुतेक तिलाही कळतं. तरी ती घासते.

मित्रांनो, कुणी आपल्या घरी येऊन "मला हे चालत नाही" म्हणालं, तर त्याचं ऐका. हौसेपायी, लाजेपायी मूठभरसुद्धा टाकू नका. भाकरी मोडली, तर मोडकी वाढा.