सील न तुटलेली पेटी

केंद्रप्रमुख रामराव सर मंठ्याहून निघाल्याचा फोन आला आणि दैवशालाबाई वर्गातल्या कपाटाची किल्ली शोधू लागल्या. गणिताची नवी पेटी महिनाभर वर्गात वापरून अहवाल द्यायचा होता. तो चांगला गेला, की पेटी केंद्रातल्या बाराही शाळांत जाणार आणि त्यानंतर वर्गात दुसरं साहित्य दिसता कामा नये, असं सरांनी बजावलं होतं. आज शेवटचा दिवस होता आणि पेटीचं सीलसुद्धा तुटलं नव्हतं.

बाई कामचुकार नव्हत्या हो. पण पेटी आल्याआल्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढली, आणि त्या रजिस्टरला न भिणारा मास्तर अजून जन्माला यायचाय. एक मणी हरवला तरी लेखी खुलासा मागतात. म्हणून पोरं कपाटाजवळ गेली की बाई ओरडायच्या, हात लावू नका. गणित त्या शिकवायच्या चिंचोक्यांवर. दहा-दहाचे ढीग, उरलेले सुटे. पोरं भराभर शिकत होती, आणि आता तेच चिंचोके वर्गातून जाणार होते.

सरांनी चहा नको म्हटलं. "पेटी काढा, बाई. पोरं कशी वापरून राह्यलीत, बघू द्या."

बाईंनी सगळ्यांदेखत सील फाडलं. सरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी मण्यांची चौकट सतरंजीवर ठेवली आणि वर्गातल्या सगळ्यात हुशार सालेहाला चोवीस मांडायला सांगितलं.

सालेहानं दोन्ही हात पाठीमागे बांधले. तिचं बघून सगळ्यांनीच बांधले.

"बाई, तुम्हीच म्हणल्त्या, हात लावायचा न्हाई."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लाव बेटा. मोडलं तर मी बघते," त्या कशाबशा म्हणाल्या. सालेहानं भीत भीत मणी ओढला आणि चौकटीची दांडी मोडली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी पटकन चिंचोक्यांचा डबा पुढे सारला. नाक पुसत सालेहानं दोन ढीग घातले, चार सुटे ठेवले. हात जरासुद्धा अडखळले नाहीत.

सर हळूच म्हणाले, "'अतिशय उपयुक्त' लिहा अन् मोकळं व्हा, बाई. मागच्या पेटीला समद्यांनी तेच लिहिल्तं."

बाईंनी आधी रजिस्टर ओढलं. 'मणीचौकट एक, वापरताना मोडली.' मग अहवालात लिहिलं, 'पेटी महिनाभर कुलपात होती, चूक माझी. ज्याला हात लावायची मुलांना भीती वाटते, ते साहित्य आम्हाला नको.' खाली सही केली.

"खुलासा द्यावा लागंल."

"देते, सर."

सर रजिस्टरची पानं मागे मागे उलटत गेले. पृथ्वीचा गोल, नकाशे, तराजू. तीस वर्षांचं सगळं साहित्य आलं तसंच, सुस्थितीत होतं. मोडल्याची नोंद एकच, आजची.

त्यांनी खिशातून पेन काढला आणि बाईंच्या अहवालाखाली लिहिलं, 'सहमत'.