तेलाच्या चिंध्या

मुळशीच्या धरणाकाठी लीलाबाईंचा बंगला होता. अठ्ठावन्न सालच्या थंडीत त्यांनी तिथं साहेबी पद्धतीची, भिंतीतली शेगडी बांधून घेतली. सासरे अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, गारठा त्यांना सोसवत नव्हता. काम पौडच्या बाबालाल गवंड्याचं. त्यानं शेगडीभोवती काळ्या दगडाच्या फरश्या बसवल्या, मधल्या दरजा चुन्यानं भरल्या. त्या वरून सुकल्यावर त्याची बायको हसिना दगडाला अळशीचं तेल चोळायला बसली. तेल मुरलं की काजळी दगडात शिरत नाही.

तेल पुसलेल्या चिंध्या ती सकाळपासून खिडकीखालच्या टोपलीत दाबून भरत होती. दुपारी दोघं बाहेर सावलीत जेवायला गेली. भाकरी मोडतानाच तिला करपट वास आला.

"आत बिडी टाकली का?"

"सकाळधरनं वढलीच न्हाई," बाबालाल म्हणाला.

ती भाकरी टाकून धावली. टोपली पेटली होती, जाळ पडद्याला चढला होता. पलीकडच्या खोलीच्या उघड्या दारातून म्हातारे सासरे नुसते बघत होते. हलता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. टोपली बाहेर न्यायची तर त्यांच्या दारावरून, लाकडी जिन्याखालून न्यावी लागणार. हसिनानं दोन्ही हातांनी ती ओढली आणि शेगडीत लोटली. धूर उलटा खोलीत आला. मग धुराड्यानं ओढ घेतली आणि धूर वर निघाला. तोवर बाबालालनं पडदा फाडून पायांखाली विझवला.

मागल्या अंगणातून लीलाबाई धावत आल्या. "बिडी कुणी ओढली?"

"कुणीच न्हाई, बाई. चिंध्या म्या ठिवल्या व्हत्या," हसिना म्हणाली. "कशा पेटल्या ते मलाबी उमगंना."

"आपोआप पेटतं का कुठं? माझं माणूस जळलं असतं आत. सामान आवरा तुमचं."

बाबालाल मान खाली घालून थापी उचलू लागला. तेवढ्यात खोलीतून घरघर आली. म्हाताऱ्यांचे ओठ हलत होते. लीलाबाई जवळ जाऊन वाकल्या. एकेक शब्द यायला फार वेळ लागत होता आणि हसिना दाराशी उभी होती.

"कुणी... नव्हतं. धूर... टोपलीतून... आपला आपण."

लीलाबाई पलंगाच्या कडेला बसल्या. मग उठून तुपाची वाटी घेऊन आल्या.

"हात दे इकडं."

हसिनाच्या पोळलेल्या तळव्यांवर त्यांनी तूप लावलं.

बाबालाल शेगडीपाशी उकिडवा बसला. दरजांमधली ओल जाळानं उकळली होती आणि चुना तडकला होता. "उकरून पुन्ना भरावं लागंल, बाई. येळ लागंल."

"लागू दे. बाबांची गादी तोवर उन्हात हलवते."

दाबून ठेवलेल्या तेलाच्या चिंध्या आपल्या आपण तापून पेटतात, हे आता कळलं होतं. पुन्हा तेल चोळायची वेळ आली तेव्हा हसिनानं पाण्याची बादली शेजारी घेतली. चिंधीनं पुसून झालं की ती चिंधी पाण्यात बुडवायची. म्हातारे उशीवरून बादलीकडं बघत होते. एक चिंधी बाहेर राहिली, तर त्यांनी घशातून आवाज काढला.

"बुडवते, बाबा," ती म्हणाली.