वहिनीची पट्टी

घर घेताना त्या दोघा भावांनी एवढी चौकशी केली नव्हती. रॅम घेताना महिनाभर केली. कॉम्प्युटर सुटे भाग आणून घरीच जोडलेला. तो ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा आणि तेही कमी खर्चात, असा त्यांचा बाणा. शेवटी चमचमत्या दिव्यांची रॅम नाकारून त्यांनी सगळ्यात स्वस्त, उघडीबोडकी आणली आणि तिला इतकं पळवलं, की बिचारीला धाप लागली.

धाप लागली की स्क्रीन निळा व्हायचा. समोर नेमकी वहिनी बसलेली असायची.

वहिनी इमारतींचे नकाशे काढून द्यायची. आज दवाखान्याचा जिना संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. या वेळी मुदत हुकली तर काम दुसऱ्याकडे जाईल, असं इंजिनिअरनं शांतपणे सांगितलं होतं. शांतपणे सांगणाऱ्यांची तिला धास्ती वाटायची. सकाळपासून जिना पुन्हा पुन्हा अर्ध्यावर मोडत होता. पेशंट अजून तळमजल्यावरच होते.

"भाओजी, हे परत निळं झालं."

"तापतेय ती, वहिनी," दीर म्हणाला. "महागड्या रॅमला धातूचं कवच असतं. म्हणून काल आपणही एक..." त्यानं दादाकडे पाहिलं. दादानं छताकडे.

वहिनीनं कॉम्प्युटरच्या खोक्यात डोकावलं. रॅमच्या अंगावर सेंटिमीटर लिहिलेले होते.

"ही माझी स्टीलची पट्टी आहे."

"होती," नवरा म्हणाला. "अगं, तू सगळं कॉम्प्युटरवरच काढतेस ना?"

"तो बंद पडला की हातानं काढते."

"आता बंद पडणार नाही. पट्टी आत आहे."

भांडायला अंगात त्राण लागतं. तिचं जिन्यात खर्ची पडलं होतं.

"वेग कमी करा ना थोडा."

"मग स्वस्तातली घेऊन उपयोग काय?" दीर कळवळून म्हणाला. पट्टी नीट चिकटली नसेल, असं ठरवून दोघं चांगला गोंद आणायला बाजारात गेले.

वहिनीनं वायर काढली. आत मनगटी घड्याळात असतो तसा, पण जरा मोठा, गोल सेल होता. वेगाचा अतिरेक होऊन कॉम्प्युटर सुरूच होईनासा झाला, की हे दोघं तो काढून परत बसवायचे. मग कॉम्प्युटर शिकवलेला सगळा वेग विसरून जायचा. हे तिनं इतक्यांदा पाहिलं होतं, की झोपेतही जमलं असतं. झोपच हवी होती खरं तर. तिनं सेल काढला, जरा थांबून परत बसवला. कॉम्प्युटर सकाळी फिरायला निघालेल्या पेन्शनरासारखा चालू लागला. ऊन कलायच्या आत जिना वरच्या मजल्याला टेकला आणि इंजिनिअरकडे रवाना झाला.

दोघं परतले.

"एकदाही निळं नाही?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. "पट्टीच," दीर हळूच म्हणाला.

वहिनीनं तोंड उघडलं. सेलचं सांगितलं, की हे आत्ताच्या आत्ता वेग वाढवणार. तिनं तोंड मिटलं.

"हो, पट्टीच. आता हात लावू नका."

"हात कशाला? नुसता वेग वाढवतो," नवरा खुर्ची ओढत म्हणाला. "आता झेपेल तिला."

दुसऱ्या दिवशी वहिनीनं नवी पट्टी आणली, लाकडाची. आणि सेल काढायला बरं पडावं म्हणून अंगठ्याचं नख वाढवायला घेतलं.