चुन्याचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना कंप्रेसर आहे. पण पंक्चरच्या दुकानातला नव्हे. अणदूरला आलो त्या दिवशी शेजारच्या धुरपदाबाईंनीही विचारलं होतं, "आप्पा, आता टायरीत हवा भरणार का काय?"

मी आवाजाचं यंत्र आहे. लोखंडी पेटी, पुढं चार बटणं आणि काचेमागं एक काटा. पुण्यातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून सिद्धारामआप्पांनी मला गोणपाटात गुंडाळून आणलं.

आप्पा भोंग्यावरच्या जाहिराती रेकॉर्ड करत. बैलबाजार, यात्रा, नळाच्या पाण्याची वेळ. आणि मयत. कुणी गेलं की गोरोबाच्या रिक्षातून आप्पांचा आवाज वस्त्यावस्त्यांवर फिरे. लांबचे पाहुणे कधी पोचतील याचा नेम नसे, म्हणून वेळ सांगायच्या ठिकाणी आप्पा थोडी जागा मोकळी सोडत आणि ती सगळ्यात शेवटी भरत. लोक म्हणत, आप्पांचा शब्द बांधावरही स्पष्ट ऐकू येतो. त्यात थोडा वाटा माझा होता.

गेल्या वर्षी आप्पांचा घसा बसला, तो सुधारलाच नाही. लेक महेश्वरी रजा काढून आली. आप्पा तिला माझ्यापुढं बसवून शिकवू लागले.

"हे पहिलं बटण म्हंजी उंबरा समज. आवाज उंबऱ्याच्या वर आला की ह्यो त्याला दाबतो. दुसरं, किती दाबायचं त्याचं. तिसरं सोडायचं. सावकाश सोडायचं, न्हाय तर ऐकणाऱ्याला धक्का बसतो. चौथ्यानं सगळंच वर उचलायचं."

महेश्वरीनं चौथं बटण फार फिरवलं. पंखा, स्वयंपाकघरातलं भांडं, पत्र्याखालच्या चिमण्या, सगळं एकदम कानाशी आलं.

"अगं, मयत माणसाची हाय," आप्पा म्हणाले. "चिमण्यांची न्हाय."

ती खूप हसली. "मग कुठवर फिरवू?"

आप्पांनी पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेतला आणि प्रत्येक बटणाशेजारी एक ठिपका लावला. "माझा आवाज लई बारीक झाला की इथं आण."

पुढं एका दुपारी ती बाजारात गेली असताना आप्पा एकटेच माईकसमोर बसले. त्या दिवशी त्यांनी मला चालूच केलं नाही. त्यामुळं ते काय बोलले, मला ठाऊक नव्हतं.

श्रावणातल्या एका सकाळी आप्पा गेले. त्यांना विभूती लावून बाहेरच्या खोलीत बसवलं. कलबुर्गीहून आत्या निघाली होती, म्हणून मातीची वेळ पाचची ठरली. दुपारी रिक्षा निघायला हवी होती, नाही तर वस्त्यांवरच्या माणसांना कळणार कसं?

गोरोबा दारात उभा राहिला. "ताई, आप्पांनी सोताची करून ठेवलीय. म्हणले, वेळ तेवढी लेक टाकील."

महेश्वरीनं मला चालू केलं. बटणं ठिपक्यांवर आणली आणि ते रेकॉर्डिंग माझ्यातून सोडलं. आप्पांचा बारीक आवाज माझ्यातून स्वच्छ बाहेर आला. "अणदूर येथील सिद्धाराम हे लिंगैक्य झाले. त्यांचा अंत्यविधी आज..."

मग मोकळी जागा आली.

खोलीत कुणी बोलत नव्हतं. पंखा बंद होता. आणि माझा काटा हलला. खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. तो श्वास होता. बाहेरच्या खोलीत आप्पा श्वासाविना बसले होते आणि इथं माझ्यात ते श्वास घेत होते.

महेश्वरीनं मान वळवून दाराकडं पाहिलं.

"काय झालं, ताई?" गोरोबानं विचारलं.

"कुणी नाही," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा तिनं माईक जवळ ओढला, पण श्वास सुरू झाला तसं तिनं रेकॉर्डिंग थांबवलं. ती जागा कापून टाकावी म्हणून तिनं संगणकावर मोजली. वेळ सांगायला तीन सेकंद पुरतात. आप्पांनी अकरा सोडली होती.

तिनं काहीच कापलं नाही.

"ताई, दोन वाजले."

तिसऱ्यांदा ती थांबली. तीन सेकंद. पाच. श्वास चालूच होता, कुणीतरी वाट पाहत असल्यासारखा. मग ती बोलली, "संध्याकाळी पाच वाजता." तिच्या मोठ्या आवाजानं उंबरा ओलांडला, मी तो दाबला आणि त्याच्याखाली श्वासही बुडाला. ती थांबली. मी सावकाश सोडलं, तसा श्वास हळूहळू पुन्हा वर आला. मग आप्पा म्हणाले, "होईल. सर्वांनी यावे."

रिक्षा गल्लीतून निघाली तेव्हा माणसं दारात थबकली. धुरपदाबाईंनी पदर डोक्यावर ओढला. "म्हातारा सोता बोलावतोय. न जाऊन कसं चालंल?"

त्या दिवशी मातीला माणसं मावली नाहीत.

पुढं घर धुऊन काढताना कुणीतरी ओलं फडकं घेऊन माझ्याकडं आलं. महेश्वरीनं ते हातातून ओढून घेतलं. मित्रांनो, माझंही तेवढंच मागणं आहे. जुन्या यंत्रावरची धूळ जरूर पुसा, पण कोरड्या फडक्यानं. आणि त्यावर कुणी काही खूण केली असेल, तर ती कुणाची ते आधी विचारा.

आता जाहिराती महेश्वरी सांगते. तिचा आवाज खणखणीत आहे, तिला ठिपके लागत नाहीत. तरी काम संपलं की ती बटणं ठिपक्यांवर आणते. माईक चालूच असतो. तिच्या श्वासानं माझा काटा हलतो. मग ती श्वास रोखते आणि काट्याकडं पाहत राहते.

तो लगेच थांबत नाही. मी जुना आहे. सावकाश सोडतो.